पाण्याखाली उतरण्यापूर्वी

गेल्या आठवड्यात दुपारी दवाखाना बंद करण्याच्या वेळेला चार तरुण आत आले. चौघेही ओळखीच्या घरांतले. त्यांतल्या दोघांना गोवराची लस मीच टोचलेली. एकाने खिशातून घडी घातलेला छापील कागद काढला आणि म्हणाला, "काका, एवढी सही पाहिजे. आम्ही आता स्कूबा डायव्हिंग करतो."

कागदावर प्रकृतीचे प्रश्न होते. दमा आहे का, फिट येते का, कान फुटला होता का, हृदयाचा विकार आहे का? चौघांनीही सगळ्या प्रश्नांपुढे सरसकट 'नाही' लिहून टाकले होते.

तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे. तिथल्या समुद्रात शिक्षकांबरोबर ही मुले दोन-तीन वेळा उतरली होती. आता बेत वेगळा होता. पुण्याहून सिलिंडर भाड्याने आणायचे, आपल्या भागातल्या एका धरणाच्या फुगवट्यात चौघांनीच उतरायचे आणि पाण्याखाली गेलेले जुने गाव बघायचे. "धरणात लाटा नाहीत, भरती-ओहोटी नाही. समुद्रापेक्षा सोपेच की!" असे त्यांचे म्हणणे.

मी सही केली नाही. का केली नाही ते आज सांगतो. आमच्या वाचकांपैकी सिलिंडर बांधून पाण्यात जाणारे थोडेच असतील हे मला ठाऊक आहे. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत विहिरीत, नदीच्या डोहात आणि धरणावर उड्या मारणारी मुले घरोघरी आहेत. पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यांनाही लागू आहेत.

दाबाचे गणित

आपल्या अंगावर हवेचा दाब सतत असतो, सवयीमुळे तो जाणवत नाही. पाण्यात साधारण १० मीटर, म्हणजे जुन्या मापाने सहा परस खोल गेले की तेवढाच आणखी एक दाब अंगावर येतो. २० मीटरवर दाब तिप्पट होतो, ३० मीटरवर चौपट.

हाडामांसाला याचा फारसा त्रास नाही, कारण त्यांत मुख्यतः पाणीच आहे आणि पाणी दाबून लहान होत नाही. हवा मात्र होते. फुगवलेला फुगा सहा परस खोल विहिरीच्या तळाशी नेला तर तो निम्मा होईल. आपल्या शरीरात असे फुगे तीन ठिकाणी आहेत: फुप्फुसांत, कानात आणि नाकाशेजारच्या हाडांच्या पोकळ्यांत. पाण्याखालचे बहुतेक अपघात या तिघांपाशी सुरू होतात.

विहिरीची सवय इथे घातक

विहिरीत बुडी मारणारा मुलगा वरून छातीभर श्वास घेतो. खाली जाताना ती हवा आकसते, वर येताना पुन्हा मूळ आकाराची होते. त्याचे फुप्फुस फुटण्याचे कारण नाही.

सिलिंडर बांधलेल्याचे तसे नाही. फ्रान्समधील जाक कुस्तो आणि एमिल गान्यान यांनी १९४३ साली जे यंत्र तयार केले, त्याचे काम जेवढ्या खोलीवर माणूस असेल तेवढ्याच दाबाची हवा त्याला पुरवण्याचे. (या यंत्राची सुरुवातीची चाचणी समुद्रात नव्हे, पॅरिसजवळच्या मार्न नदीत झाली होती.) म्हणजे १० मीटरवर माणूस छातीभर श्वास घेतो तेव्हा त्यात वरच्यापेक्षा दुप्पट हवा असते. आता तो घाबरला आणि विहिरीतल्या सवयीने दम कोंडून सरळ वर आला तर ती हवा वाटेत दुप्पट फुगणार. तिला जायला जागा नाही. फुप्फुस फाटते, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूत जाऊन अडकतात. माणूस वर येतो आणि मिनिटभरात बेशुद्ध पडतो.

हे फार खोल गेल्यावरच होते असे नाही. पुरुषभर पाण्यातून दम कोंडून वर येतानाही झालेले आहे, कारण शेवटच्या काही मीटरांत हवा सर्वांत झपाट्याने फुगते. म्हणून या खेळाचा पहिला नियम असा, की पाण्याखाली श्वास कधीही कोंडायचा नाही. पट्टीचा पोहणाराही इथे नवशिका असतो, हे त्याने लक्षात ठेवावे.

सोड्याची बाटली

हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू असतो. एरवी तो आत येतो तसा बाहेर जातो. दाबाखाली मात्र तो रक्तात आणि चरबीत विरघळून साठतो. सावकाश वर आले तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने वर आले तर सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे बुडबुडे अंगात तयार होतात. सांधे ठणकतात, अंगाला मुंग्या येतात, कधी कमरेखालचे अंग लुळे पडते.

यावर सावकाश, टप्प्याटप्प्याने वर येण्याचे तक्ते शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०८ साली, शेळ्यांवर प्रयोग करून दिले. त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन यांनीही दाबाचे प्रयोग स्वतःच्या अंगावर करून घेतले. पुढे ते भारतात स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. आजचा नियम असा, की मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर येऊ नये आणि ५ मीटरवर तीन मिनिटे थांबावे.

आपल्या भागासाठी यात एक खास गोष्ट आहे. पाण्यातून निघाल्यावर १२ ते १८ तास विमानात बसू नये, हे शिक्षक सांगतात. पण तारकर्लीहून आपण विमानाने नव्हे, घाट चढून घरी येतो. आंबोलीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे, कोल्हापूर साडेपाचशेवर. वर हवेचा दाब कमी, म्हणजे बुडबुड्यांना मोकळीक. तेव्हा समुद्रात उतरून त्याच संध्याकाळी गाडी घाटाला लावू नका, रात्र किनाऱ्यावर काढा. याच कारणाने देशावरच्या धरणात समुद्रसपाटीचे तक्ते जसेच्या तसे चालत नाहीत. माझ्या चार तरुणांपैकी एकालाही हे माहीत नव्हते.

कान आणि दमा

मी चौघांना तपासले. एकाच्या डाव्या कानाच्या पडद्याला भोक होते. लहानपणी कान वाहायचा, हे तो विसरून गेला होता. अशा कानात थार पाणी शिरले की तोल सांभाळणारा आतला भाग बिघडतो, सगळे गरगर फिरते आणि वर कुठे व खाली कुठे हेच कळत नाही. पडदा चांगला असणाऱ्यांनीही सर्दी असताना बुडी मारू नये. खाली जाताना नाक चिमटीत धरून हळूच फुंकावे, म्हणजे कान मोकळा होतो. दुखू लागले तर हट्टाने आणखी खाली न जाता थोडे वर यावे.

दुसऱ्याच्या खिशात दम्याचा पंप निघाला. "आता क्वचितच लागतो, काका," तो म्हणाला. दम्यात श्वासनळ्या आवळल्या की काही हवा फुप्फुसात कोंडून राहते, आणि कोंडलेली हवा वर येताना काय करते ते मघाशी सांगितलेच. छातीच्या तज्ज्ञाने तपासल्याशिवाय अशा माणसाने उतरू नये. फिट येणारे, पूर्वी फुप्फुसाभोवती हवा साचलेले, हृदयविकाराचे रुग्ण आणि गर्भवती यांनाही हा खेळ वर्ज्य समजावा. कागदावर खोटे 'नाही' लिहून डॉक्टरला फसवता येईल, पाण्याला नाही.

गोडे पाणी सोपे नसते

गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा अडीच-तीन टक्के हलके असते. समुद्रात कमरेला जेवढी शिशाची वजने बांधली तेवढीच धरणात बांधली तर माणूस बेताबाहेर खाली जातो. सामानासह १०० किलोच्या माणसाला दोन-अडीच किलो वजन कमी लागते.

धरणात गाळ फार. पायाचा एक फटका बसला की पाणी गढूळ होते आणि हाताच्या अंतरावरचा मित्र दिसेनासा होतो. इंदापूर तालुक्यातले पळसदेवचे जुने देऊळ उजनीचे पाणी ओसरले की दिसते. अशी देवळे, घरांच्या भिंती, झाडांचे बुंधे आपल्याकडे अनेक धरणांत आहेत आणि त्यांत मासेमारीची जाळी अडकलेली असतात. दरवाजे आणि कालव्याच्या तोंडाजवळची ओढ वरून कळत नाही. शिवाय धरणात उतरायला पाटबंधारे खात्याची परवानगी लागते, ती या मुलांनी विचारलीही नव्हती.

काठावर मोजणारा मित्र

आता एक गोष्ट सांगतो, जी मी या सदरात कधी लिहिली नाही.

१९८७ सालचा मे महिना. मी अकरावीची परीक्षा दिलेली. आम्ही पाच मित्र रोज एका मित्राच्या मळ्यातल्या विहिरीवर पोहायला जायचो. पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलेली आमची पिढी, भीती कसली ती नव्हती. तळाशी जास्तीत जास्त वेळ कोण राहतो, अशी पैज लागायची. त्यातल्या एकाला कोणीतरी सांगितले होते, की आधी वीस-पंचवीस वेळा जोरजोरात श्वास घेतला की छातीत हवा भरून राहते. त्याने तसे केले आणि बुडी मारली. मी कठड्यावर बसून मोठ्याने आकडे मोजत होतो. शंभर झाले तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. एकशेतीसला माझा आवाज बसला.

शेजारच्या मळ्यातल्या काकांनी दोन बुड्या मारून त्याला वर काढले. मग त्याला पालथे घालून पोट दाबले, पाय धरून उलटे केले. श्वास कोणी दिला नाही, आम्हाला ते माहीतच नव्हते. तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळे संपले होते.

वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षी श्वसनाचा धडा शिकताना मला त्याचे कारण कळले. श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू कमी झाला म्हणून नव्हे, कर्बवायू साठला म्हणून. आधी जोरजोरात श्वास घेतले की कर्बवायू उडून जातो, प्राणवायू मात्र फारसा वाढत नाही. मग पाण्याखाली प्राणवायू संपत येतो तरी शरीर धोक्याची घंटा वाजवत नाही. माणूस गुदमरत नाही, हातपाय मारत नाही, झोप लागावी तसा बेशुद्ध होतो. आम्ही टाळ्या वाजवत होतो तेव्हा बहुधा तो बेशुद्धच होता.

स्कूबाच्या खेळात जोडीदाराशिवाय पाण्यात उतरत नाहीत. जोडीदाराने उतरण्यापूर्वी दुसऱ्याची नळी, हवा, पट्टे तपासायचे, हाताच्या अंतरावर राहायचे, खुणा ओळखायच्या, वेळ पडली तर आपली जादा नळी त्याच्या तोंडात द्यायची. मी काठावर होतो, माझे डोळे पाण्यावर होते, पण मी जोडीदार नव्हतो. काय बघायचे आणि काय करायचे हे मला ठाऊक नव्हते.

बाहेर काढल्यावर

पोट दाबू नका, उलटे टांगू नका, डोक्यावर घेऊन फिरवू नका. त्यात फक्त वेळ जातो. एकाने १०८ क्रमांकाला फोन करावा. दुसऱ्याने माणसाला सपाट जागी उताणे निजवावे, हनुवटी वर करून मान मागे करावी. श्वास नसेल तर त्याचे नाक चिमटीत धरून तोंडाला तोंड लावून पाच श्वास द्यावेत. प्रतिसाद नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने ३० दाब, मग २ श्वास. मदत येईपर्यंत हे थांबवू नये. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावेच, कारण फुप्फुसांची सूज काही तासांनीही वाढते. सिलिंडर बांधून उतरलेल्याला प्राणवायू लावावा आणि तो कितीवेळ, किती खोल होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

लक्षात ठेवा

१. एकट्याने पाण्यात उतरू नका. एक जण कायम काठावर, लक्ष देऊन.

२. बुडीपूर्वी जोरजोरात श्वास घेऊ नका. दम कोंडण्याच्या पैजा लावू नका.

३. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेले असते. खोली पाहिल्याशिवाय सूर मारू नका, मान मोडते.

४. बुडणारा बहुधा ओरडत नाही, हातही हलवत नाही. तो गप्प झाला की समजा.

५. वाचवायला आंधळेपणाने उडी घेऊ नका. कासरा, बांबू, साडी, ट्रॅक्टरची ट्यूब, काहीही टाका. विहिरीवर एक दोर कायम बांधून ठेवा.

६. सिलिंडरचा खेळ खेळायचा तर शिक्षकाबरोबर, शिकलात तेवढ्याच खोलीत, आणि कागदावर खरे लिहून.

ते चौघे परवा पुन्हा आले होते. धरणाचा बेत त्यांनी सोडला आहे. कानवाला मुलगा कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आला, दम्याच्या मुलाला मी छातीच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली आहे. उरलेल्या दोघांना सही दिली, पण 'शिक्षकासोबतच' असे वर लिहून. जाताना दम्याचा मुलगा म्हणाला, "काका, मला उतरायला नाही मिळाले तरी चालेल. पण तो श्वास द्यायचा प्रकार शिकवा."

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता दवाखान्यात तो शिकवणार आहे. सरावासाठी रबरी पुतळा मागवून घेतला आहे. ज्यांच्या मळ्यात विहीर आहे त्यांनी घरातल्या एका तरी माणसाला जरूर पाठवावे. फी नाही.