लाइव्ह चॅट : बुद्धिबळाच्या पटाभोवतीची गर्दी



पारावर दोघे बुद्धिबळ खेळत बसले की भोवती चार जण जमतात आणि "अरे, घोडा काढ ना!" असं खेळणाऱ्यापेक्षा बघणाराच जास्त ओरडतो. मुलं मोबाईलवर बुद्धिबळाचं जे 'लाइव्ह' बघतात ते याच पाराचं मोठं रूप आहे. मध्ये पट, कोपऱ्यात समालोचक आणि बाजूला सरसर वर सरकणाऱ्या चॅटच्या ओळी.

आपल्याकडे ही गर्दी वाढली ती २०२० च्या टाळेबंदीत. विनोदी कलाकार समय रैना यांनी यूट्यूबवर बुद्धिबळ खेळायला सुरुवात केली आणि नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी त्यांच्यासोबत गप्पा मारत खेळू लागला. (रैना यांचे इतर कार्यक्रम मोठ्यांसाठी आहेत, तो वेगळा विषय.) ग्रँडमास्टर म्हणजे कोणीतरी अबोल, गंभीर माणूस ही समजूत तिथे मोडली. ज्यांना उंट तिरका जातो एवढंच माहीत होतं, असेही लोक रोज येऊ लागले. एकमेकांना नावाने ओळखू लागले, ठरावीक विनोद ठरावीक वेळी करू लागले. नवीन माणसाला त्यातलं निम्मं कळतच नाही. वर्गातल्या मागच्या बाकाची भाषा असते ना, तसंच.

आता १२ डिसेंबर २०२४ चा प्रसंग घ्या. सिंगापूर, जागतिक अजिंक्यपदाचा चौदावा डाव. गुकेश आणि डिंग लिरेन यांचे गुण ६.५-६.५. डाव बरोबरीकडे झुकलेला असताना ५५व्या चालीला डिंगने आपला हत्ती एफ-२ या घरात आणला. प्रेक्षकांच्या पडद्यावर संगणकाची मूल्यमापन पट्टी असते. ती एकदम काळ्याच्या बाजूने सरकली आणि बघणाऱ्यांना कळलं, डिंग चुकला! समोर बसलेल्या गुकेशला मात्र पट्टी नव्हती. ती चूक ध्यानात यायला त्यालाही काही क्षण लागले. हत्ती मारामारीत गेले, कोपऱ्यात अडकलेल्या पांढऱ्या उंटाचीही अदलाबदल टळेना, आणि एक प्यादे जास्त असलेला गुकेश १८ व्या वर्षी जगज्जेता झाला.

मला इथेच खरा धडा दिसतो. पट्टी बघून "किती सोपी चूक!" लिहिणाऱ्या मुलाला वाटतं, आपल्याला कळलं. पण का चुकलं हे विचारा, बहुतेक जण गप्प! गणिताच्या पुस्तकात मागची उत्तरं बघून गृहपाठ करण्यासारखंच हे.

म्हणून वर्गात असं करून बघा. संपलेल्या प्रक्षेपणाचा व्हिडिओ लावा, पट्टीवर कागद चिकटवा आणि ऐन वेळी थांबवा. प्रत्येकाने पुढची चाल आणि तिचं कारण वहीत लिहायचं. मग समालोचक काय म्हणतो ते ऐकायचं. बऱ्याच व्हिडिओंना चॅटही पुन्हा दिसतो. तो दाखवायचा असेल तर आधी स्वतः वाचून घ्या, कारण शिवीगाळ नसेलच अशी खात्री कोणी देत नाही. भाषेच्या तासालाही तो उपयोगी पडतो. रोमन लिपीत लिहिलेली मराठी, मध्येच हिंदी, मध्येच नुसती चित्रं. त्यातल्या पाच ओळी मुलांकडून शुद्ध मराठीत लिहून घ्या. मजा येते.

पालकांसाठी दोन गोष्टी. चॅट सांभाळणारे मॉडरेटर असतात, बरेचदा चाहत्यांपैकीच. संदेश काढणं, एखाद्याला काही वेळ गप्प करणं, दोन संदेशांत सक्तीचं अंतर ठेवणं हे त्यांच्या हातात असतं. पण मूल स्वतःच शाळेचं नाव किंवा फोन नंबर लिहून बसलं, तर तो संदेश पुसण्याआधी शेकडो जणांनी वाचलेला असतो. दुसरं म्हणजे 'सुपर चॅट'. २०१७ पासून यूट्यूबवर पैसे भरून आपला संदेश रंगीत चौकटीत वर ठेवता येतो आणि तो समालोचक बहुधा नाव घेऊन वाचतो. आवडत्या माणसाच्या तोंडून आपलं नाव ऐकण्याचा मोह बारा वर्षांच्या मुलाला किती असेल बघा! रागावण्याआधी, फोनमध्ये तुमचं कार्ड किंवा यूपीआय जोडलेलं आहे का ते तपासा.

स्वतः लाइव्ह जाण्याचं किमान वय यूट्यूबने २२ जुलै २०२५ पासून १३ वरून १६ केलं आहे. सातवी-आठवीचं मूल "मी पण चॅनल काढतो" म्हणालं तर हे त्याला आजच सांगून टाका, आणि तोवर रविवारी त्याच्यासोबत एक डाव मांडा. पट्टीशिवाय.