वॉर्डाची जोखीम तपासताना

चि. मनीषास,

वॉर्डात काय बिघडू शकते, बिघडले तर कोणाला किती इजा होईल आणि ते टाळायला आज काय करता येईल, हे प्रत्यक्ष फिरून लिहून काढणे म्हणजे जोखीम-तपासणी. गेल्या महिन्याचा तक्ता उतरवून ती होत नाही. तुझ्यासारख्या नव्या परिचारिकेने तसेच केल्याचे, शिवाय वॉर्डाच्या मागच्या दाराला कुलूप असल्याचे कानावर आले, की घरच्यांना घोर लागतो.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून दहा बाळे गेली. सात वाचवता आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला.

आगीचे भय विजेपाशी जास्त, म्हणून तपासणीची फेरी विजेपासून सुरू होते. मे महिन्यात कूलर, एसी, लशींचे फ्रिज एकदमच चालतात. तापलेला बोर्ड, काळवंडलेले सॉकेट, कूलरखाली साचलेले पाणी लगेच नोंदवावे. ऑक्सिजनचे सिलिंडर साखळीने बांधलेले असावेत. व्हॉल्व्हला तेल-ग्रीस लागू नये. आणि मागचे दार उघडून पाहावे.

पुढे शक्यतेला एक ते पाच, परिणामाला एक ते पाच गुण देऊन गुणाकार करतात. हा आकडा फसवा असतो. क्वचित लागणारी आग आणि रोजचे किरकोळ खरचटणे, दोन्हींचे गुण पाचच येऊ शकतात. कुलूपबंद दाराला गुणांची वाट पाहू नये. त्याच दिवशी वैद्यकीय अधीक्षकांना लेखी कळवावे, पोच घ्यावी. बाकी नोंदींपुढे काम कोणाचे आणि कधीपर्यंत, एवढे पुरते.

सुयांचे वेगळे. मागच्या पिढीत वापरलेल्या सुईला हाताने टोपण लावणे सफाईचे मानले जाई. किती बोटे टोचली, त्याची नोंदच नाही. आता सुई थेट पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात जाते. टोचलीच तर लाजून गप्प बसू नये: एचआयव्ही-प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते.

या यादीतून रात्रपाळीची एकटी परिचारिका मात्र सहसा सुटते. तिची झोप, तिचे जेवण, मदतीला हाक मारली तर कोण येईल, हेही तपासायचे असते. तिने डबा खाऊनच फेरीला निघावे. मागच्या दाराची किल्ली कुठे आहे ते तिला ठाऊक असावे. आणि सुट्टी मिळाली की घरी यावे. तक्ता दाखवायची गरज नाही.

— मोठी आई