मोठी डिस्क, अपुरा पत्ता

प्रस्तावना

शाळा, ग्रंथालये, छोटी कार्यालये आणि दुकाने यांत जुने संगणक वर्षानुवर्षे काम करीत असतात. कामाचा व्याप वाढला की त्यांतील जागा कमी पडू लागते आणि मोठ्या क्षमतेची हार्ड डिस्क बसवली जाते. परंतु कित्येकदा संगणक तिची पूर्ण क्षमता ओळखत नाही. असे का घडते, त्यावर उपाय कोणते आणि त्यात धोका कोणता, याचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• डिस्कची क्षमता अपुरी दिसण्याचे कारण सांगता येईल;
• उपायांचा योग्य क्रम ठरवता येईल;
• ‘जर – तर’ या अव्ययांनी जोडलेली वाक्ये ओळखता येतील.

मूळ पाठ

एका वसाहतीच्या नोंदवहीत घरक्रमांकासाठी दोनच चौकटी आहेत, अशी कल्पना करा. तीत १ ते ९९ क्रमांकांची घरे मावतील. वसाहत वाढून दीडशे घरांची झाली, तरी शंभराव्या घराची नोंद तीत करता येणार नाही. ते घर उभे आहे, त्यात माणसे राहतात. परंतु नोंदवहीच्या लेखी ते नाहीच. जुन्या संगणकात मोठी डिस्क बसवल्यावर असेच घडते.

हार्ड डिस्कवरील माहिती लहान लहान खणांत साठवलेली असते. या खणांना सेक्टर म्हणतात. जुन्या डिस्कच्या एका सेक्टरात ५१२ बाइट माहिती मावते. प्रत्येक सेक्टराला क्रमांक असतो. तोच त्याचा पत्ता होय. आयडीई पद्धतीच्या जुन्या डिस्कमध्ये हा पत्ता २८ बिटांत लिहिला जाई. बिट म्हणजे ० किंवा १ एवढेच मावणारी चौकट. अशा २८ चौकटींत २६,८४,३५,४५६ निरनिराळे पत्ते लिहिता येतात. या संख्येला ५१२ ने गुणले असता सुमारे १३७ गिगाबाइट हे उत्तर येते. म्हणून १६० गिगाबाइटांची डिस्क जोडली, तर सुमारे २३ गिगाबाइट जागा पत्त्याविना राहते.

ही पहिलीच मर्यादा नव्हे. त्यापूर्वी ५२८ मेगाबाइट आणि नंतर ८.४ गिगाबाइट अशा मर्यादा येऊन गेल्या होत्या. एके काळी प्रशस्त वाटलेल्या चौकटी पुढे अपुऱ्या ठरत गेल्या. अखेर २००२ साली एटीए-६ या मानकात पत्त्यासाठी ४८ बिट देण्यात आले. त्यांत सुमारे १४ कोटी ४१ लाख गिगाबाइट जागेचे पत्ते मावतात.

मात्र केवळ डिस्कला लांब पत्ता कळून भागत नाही. संगणक सुरू करणारी बायोस ही आज्ञावली आणि विंडोजसारखी कार्यप्रणाली यांनाही तो कळावा लागतो. विंडोज एक्सपीमध्ये ही सोय २००२ सालच्या सर्व्हिस पॅक १ पासून नेहमीसाठी सुरू झाली. विंडोज २००० मध्ये सर्व्हिस पॅक ३ किंवा त्यानंतरचा पॅक घालून शिवाय रजिस्ट्रीत एक नोंद करावी लागते.

प्रथम दोष खरोखर आहे का, हे पाहावे. डिस्कचे उत्पादक १०० कोटी बाइटांना एक गिगाबाइट म्हणतात. विंडोज मात्र १,०७,३७,४१,८२४ बाइटांना एक गिगाबाइट मानते. त्यामुळे १६० गिगाबाइटांची डिस्क विंडोजमध्ये सुमारे १४९ दिसली, तर काहीही बिघडलेले नाही. ती सुमारे १२८ दिसली, तर मात्र २८ बिटांची मर्यादा आड आली आहे असे समजावे.

उपाय तीन आहेत. पहिला, मदरबोर्डवरील क्रमांक पाहून त्याच्या उत्पादकाने दिलेली सुधारित बायोस घालणे. हे काम चालू असताना वीज गेली, तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. दुसरा, स्वतःची बायोस असलेले नियंत्रक कार्ड पीसीआय खाचेत बसवून डिस्क त्याला जोडणे. तिसरा, डिस्क यूएसबी पेटीत बसवून बाहेरून जोडणे. तेव्हा पत्ता लिहिण्याचे काम पेटीतील मंडल करते. अर्थात त्या मंडलालाही ४८ बिटांचा पत्ता कळला पाहिजे. उपाय केल्यावरही आधी आखलेला विभाग आपोआप मोठा होत नाही. उरलेली जागा डिस्क मॅनेजमेंटमध्ये मोकळी दिसते. तिचा नवा विभाग आखावा लागतो.

आता धोक्याचा विचार करू. दोन चौकटींत १०४ हा क्रमांक लिहिताना पहिला अंक गळला, तर पत्र ४ क्रमांकाच्या घरी जाईल. नव्या संगणकावर भरलेली मोठी डिस्क लांब पत्ता न कळणाऱ्या संगणकात बसवली, तर असेच होऊ शकते. मर्यादेपलीकडे लिहावयाची माहिती डिस्कच्या आरंभी लिहिली जाते. साऱ्या फायलींची सूची बहुधा तेथेच असते. ती पुसली गेली की दुकानाचे हिशेब, कुटुंबाची छायाचित्रे, ग्रंथालयाची नोंद हे सारे एका क्षणात हाती लागेनासे होते. म्हणून कोणताही उपाय करण्यापूर्वी सर्व माहितीची प्रत दुसरीकडे घेऊन ठेवावी.

हा प्रश्न जुन्या आयडीई डिस्कपुरताच नाही. एमबीआर या विभागसूचीत पत्ता ३२ बिटांचा असल्याने ५१२ बाइटांच्या सेक्टरांनुसार ती सुमारे २.२ टेराबाइटांपर्यंतच पुरते. त्याहून मोठ्या डिस्कसाठी जीपीटी ही सूची वापरतात.

पाठगत प्रश्न

१. २८ बिटांच्या पत्त्याने किती गिगाबाइट जागा ओळखता येते?
२. १६० गिगाबाइटांची डिस्क विंडोजमध्ये १४९ दिसणे हा दोष का नव्हे?

भाषाभ्यास

‘वीज गेली, तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.’ या वाक्यात ‘जर’ हे अव्यय अध्याहृत आहे. पहिले वाक्य अट सांगते, दुसरे तिचा परिणाम सांगते. अशी आणखी दोन वाक्ये पाठातून शोधा.

स्वाध्याय

१. नोंदवहीचे उदाहरण आणि डिस्कवरील पत्ता यांतील साम्य आठ ओळींत लिहा.
२. ‘आधी प्रत, मग दुरुस्ती’ हा सल्ला परिचितास पटवून देणारे पत्र लिहा.