चालवणारा रोबो: धर्माबादहून निघण्याआधी हिशेब मांडा

लकवा मारला किंवा मणक्याला मार बसून पाय गेले, की घरच्यांच्या मोबाइलवर तो व्हिडिओ येतोच: कमरेपासून पावलापर्यंत यंत्र बांधलेला माणूस उभा राहतो, पावले टाकतो. हे एक्सोस्केलेटन. ते कुठे मिळते, कितीला पडते, आपल्या माणसाला उपयोगी पडेल का? शेत किंवा दागिने गहाण टाकण्याआधी एवढे तरी तपासा.

विकत घेण्याचा विचार आधी सोडा. घरी वापरायच्या अशा यंत्रासाठी अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने २०२४मध्ये ९१,०३२ डॉलर ठरवले. तेव्हाच्या दराने पाऊण कोटी रुपये. दुरुस्तीचे दुखणे वेगळेच. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका माजी जॉकीचे रीवॉक यंत्र नियंत्रकाच्या बॅटरीच्या किरकोळ बिघाडाने बंद पडले. यंत्र पाच वर्षांहून जुने आहे म्हणून कंपनीने हात वर केले. बोभाटा झाल्यावर दुरुस्ती झाली. तिथे ही गत, तर धर्माबादला मेकॅनिक कुठून येणार?

परवडू शकते ते सत्र. हैदराबाद, पुणे, मुंबईच्या काही खासगी पुनर्वसन केंद्रांत यंत्रावर चालण्याचा सराव तासावर देतात. तिरुवनंतपुरमच्या जेनरोबोटिक्सचे जी-गेटर हे देशी यंत्रही रुग्णालयासाठीच बनवलेले आहे, घरासाठी नाही. दर केंद्रागणिक बदलतो, म्हणून हिशेबाची रीत लक्षात ठेवा. समजा सत्र २,००० रुपयांचे, आठवड्याला पाच, सहा आठवडे: ३० सत्रांचे ६०,००० झाले. त्यावर दोघांची खोली, जेवण, रोजची रिक्षा आणि सोबत थांबणाऱ्याचा बुडालेला रोजगार. पुष्कळदा हा वरखर्चच सत्रांना गाठतो.

फोनवर हे विचारा, उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी मागा: पहिली तपासणी दरात आहे की वेगळी? फिजिओथेरपिस्टची फी वेगळी लागते का? पट्टे बांधण्या-सोडण्याचा वेळ सत्रातच धरतात का, म्हणजे तासातली प्रत्यक्ष चालण्याची मिनिटे किती? पॅकेज अर्ध्यात सोडले तर पैसे परत मिळतात का? पूर्ण पॅकेज आगाऊ भरू नका. आधी एकच सत्र घ्या.

त्याहीआधी घरीच माप घ्या. एक्सो नावाचे प्रचलित यंत्र साधारण पाच फूट ते सहा फूट चार इंच उंची आणि १०० किलोपर्यंतच्या वजनासाठी आहे. आपल्याकडच्या कितीतरी बायका पाच फुटांच्या आत असतात, त्यांचा प्रवास फुकट जातो. पाठीवर किंवा टाचेवर बेडसोअर, गुडघा सरळ न होणे, हाडे ठिसूळ, उभे करताच रक्तदाब उतरणे, यांपैकी काही असेल तर यंत्रावर घेत नाहीत. व्हिडिओ कॉलवर हे सगळे सांगून मगच तिकीट काढा.

आता सर्वांत महत्त्वाचे. लकव्याच्या रुग्णांसाठी यंत्राच्या मदतीने चालण्याचा सराव, यावर २०२०मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा आढावा आला: ६२ चाचण्या, २,४४० रुग्ण. फिजिओथेरपीच्या जोडीला यंत्र दिले तर आधाराविना चालू लागण्याची शक्यता वाढते. खरा फायदा पहिल्या तीन महिन्यांत आणि अजिबात चालता न येणाऱ्यांना. शब्द नीट वाचा: जोडीला. नुसत्या यंत्राने नव्हे. गावठी औषध, मालिश करून बघू म्हणत लोक नेमके हेच महिने घालवतात, ही फार वाईट गोष्ट आहे. फिजिओथेरपीसाठी नांदेडचे जिल्हा रुग्णालय किंवा विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठा. जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून उपचार मोफत आहेत.

कागदांचे वेळापत्रक मात्र उलटे आहे. लकव्यानंतर दिव्यांगत्वाची तपासणी साधारण सहा महिन्यांनी होते, म्हणून प्रमाणपत्रासाठी उपचार थांबवू नका. नंतर यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्डाचा ऑनलाइन अर्ज करा: आधार, फोटो, रहिवासाचा पुरावा. कार्डाला शुल्क नाही; ‘लवकर काढून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व आणि महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर केंद्राच्या एडिप योजनेतून व्हीलचेअर, कॅलिपर मोफत. ३०,०००पर्यंत निम्म्या किमतीत. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जोडा. आयआयटी मद्रासची उभे करणारी ‘अराइझ’ व्हीलचेअर २०१९मध्ये १५,००० रुपयांच्या आसपास आली होती. ‘निदान उभे तरी राहू दे’ एवढीच इच्छा असेल तर तिची चौकशी आधी करा.

महात्मा फुले आणि आयुष्मान योजना ठरलेल्या यादीतल्या उपचारांनाच चालतात. ‘कार्डावर होऊन जाईल’ या तोंडी आश्वासनावर निघू नका, रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या आरोग्यमित्राकडून खात्री करा. खासगी विम्यात बाहेरून वापरायची उपकरणे बहुधा वगळलेली असतात. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज खर्चाआधी करा. झालेला खर्च मागून मिळत नाही.

प्रवासाला देवगिरी एक्स्प्रेस बरी: धर्माबादला थांबते, एकीकडे सिकंदराबाद, दुसरीकडे मुंबई. सोबतीशिवाय प्रवास न करू शकणाऱ्या अस्थिदिव्यांगाला स्लीपर आणि थ्री एसीत ७५ टक्के सवलत, सोबत्यालाही तेवढीच. सरकारी डॉक्टरच्या प्रमाणपत्रावर रेल्वेचे ओळखपत्र काढून ठेवा. मुंबईला जाणारच असाल तर हाजीअलीजवळची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्थाही गाठा. १९५५पासूनची आहे, कॅलिपरचे काम तिथे होते.

कुणी ‘संशोधनात सामील व्हा’ म्हणाले तर सीटीआरआय (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. संमतिपत्र मराठीत मागा, वाचून मगच सही करा. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाचा खर्च रुग्णावर टाकता येत नाही. पैसे मागितले की उठून या.

लकवा मारून तीन महिने झाले नसतील, तर यंत्राची चौकशी फोनवर चालू द्या आणि फिजिओथेरपी डॉक्टरांना विचारून उद्याच सुरू करा.