सरपणासाठी चेनसॉ : मशीन केवढ्याला, वरखर्च केवढा?

बंबासाठी आणि चुलीसाठी वर्षाकाठी टेम्पोभर लाकूड लागत असेल, तर चेनसॉ विकत घेऊ नका. स्वतःचं मशीन घेऊन येणारे कटरवाले तालुक्याच्या गावी मिळतात. पेट्रोल, तेल आणि चेन हजेरीतच धरली आहे का, हे सकाळीच ठरवा. नाहीतर पेट्रोलचे पैसे वेगळे हे संध्याकाळी कळतं. दरवर्षी आठवडाभराहून जास्त काम निघत असेल, तरच दुकानाची पायरी चढा.

जाण्याआधी ढिगातला सर्वांत जाड ओंडका टेपने मोजा. सरपण बहुधा दहा-बारा इंचांच्या आत असतं आणि चेनसॉची पट्टी (बार) त्याहून दोन इंच लांब असली की भागतं. म्हणजे १४ किंवा १६ इंची पट्टी आणि ३० ते ४० सीसीचं इंजिन. दुकानात मात्र ‘५८ सीसी, २२ इंच’ पुढे केलं जातं. स्टिकरवरच्या सीसीवर फार विसंबू नका. पट्टी जितकी लांब तितकं मशीन जड, आणि खांदे तासाभरात भरून येतात.

असं बिननावाचं मशीन साधारण ५ ते ९ हजारांत मिळतं. स्टील, हस्कवर्ना यांसारख्या कंपन्यांची लहान मशीनं अंदाजे १८ ते ३० हजारांत. सांगितलेल्या भावात १८ टक्के जीएसटी धरला आहे का, ते विचारा. स्वस्त मशीन वाईटच असं नाही, पण कार्ब्युरेटर बिघडला की सुटा भाग कुठे मिळणार, हे आधी पाहा. वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत दुरुस्ती होत नसेल, तर वॉरंटीचा कागद फक्त फाइलला लावण्यापुरता.

आता वरखर्च. दोन चेन जादा घ्याच. पट्टीच्या मागच्या टोकाला तीन आकडे कोरलेले असतात. २२ इंची स्वस्त मशीनवर बहुधा ०.३२५, ०.०५८ आणि ८६. त्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. ‘सोळा इंचाची द्या’ एवढंच सांगून आणलेली चेन कधी एका कडीने आखूड निघते. सोबत गोल कानस हवी, तीही चेनच्या मापाची : ०.३२५ ला ४.८ मिलिमीटर, लहान मशीनवरच्या बारीक ३/८ चेनला ४ मिलिमीटर. भुशाऐवजी पीठ पडू लागलं, की धार गेली. जोर लावू नका, कानस घ्या. मातीत टेकलेला ओंडका धार मिनिटभरात घालवतो, म्हणून खाली आडवं लाकूड सरकवा.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळावं लागतं. चांगल्या मशीनला लिटरला २० मिली. स्वस्त मशीनच्या पुस्तिकेत बहुधा ४० असतं. पुस्तिका सांगते तेच घाला. चेनचं तेल वेगळं. तिथे गाडीचं काळं तेल ओतायचा सल्ला हमखास मिळेल. त्यातल्या कचऱ्याने तेलपंप आणि पट्टी दोन्ही लवकर जातात. पंपावर प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल मागू नका, धातूचा डबा न्या. महिनाभर मशीन वापरणार नसाल तर टाकी रिकामी करा आणि बंद पडेपर्यंत इंजिन चालवा. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने कार्ब्युरेटर चिकटतो.

चष्मा, कानपट्टा, हातमोजे आणि जाड बूट यांचे दीड-दोन हजार मशीनच्या किमतीतच धरा. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडावर येतं. चेन-ब्रेक नसलेलं मशीन फुकट मिळालं तरी नको.

लाकूड अंगणातच कापायचं असेल, तर विजेचं १६ इंची मशीन स्वस्त पडतं आणि कटकट कमी. मात्र १६ अँपिअरचा सॉकेट आणि जाड वायर हवी. व्होल्टेज पडत असेल तर मोटर जळते. चार-सहा इंची बॅटरीवाली मशीनं फांद्यांपुरतीच.

अनुदान मिळेल असं कुणी म्हणालं, तर तालुका कृषी कार्यालयात यादी पाहा. महाडीबीटीवर पूर्वसंमती मिळण्याआधी बिल फाडलं, तर पैसे गेले.

उभं झाड तोडायचं असेल तर गोष्ट निराळी. आंबा, फणस, चिंच, साग, खैर, ऐन, किंजळ यांना महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड कायदा लागू आहे. झाड तुमच्या सातबाऱ्यावरचं असलं तरी परवानगी लागते. शहरी हद्दीसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. लाकूड गाडीतून न्यायचं असेल, तर वाहतूक पासाची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात आधीच करा. गाडी अडवल्यावर ‘साहेब, सरपणच आहे’ हे उत्तर चालत नाही.

पैसे देण्याआधी मशीन थंड असताना दुकानदाराकडून चालू करून घ्या. पट्टीचं टोक कोऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून चेन फिरवायला सांगा. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. मग चेन-ब्रेक ओढून पाहा, आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घेतल्याशिवाय निघू नका.