मुरमाच्या बदल्यात सपाटीकरण

चिरंजीव पुतण्यास काकांचे अनेक उत्तम आशीर्वाद. पत्रास कारण की, हसनाबादच्या बाजारातून निघालेली एक बातमी थेट छत्रपती संभाजीनगरापर्यंत येऊन पोचली असून ती खरी असल्यास वेळीच आवर घालणे अगत्याचे आहे. बातमी अशी की, चिंचेच्या बांधाखालची पाच एकर जमीन या उन्हाळ्यात सपाट करून तीत मोसंबी लावण्याचे चिरंजीवाने ठरविले आहे, त्यासाठी रस्त्याच्या एका ठेकेदाराशी तोंडी बोली झाली आहे, आणि त्या बोलीनुसार ठेकेदार आपले पोकलेन व जेसीबी आणून शेत एक पैसा न घेता सपाट करून देणार व त्याबदल्यात निघेल तेवढा मुरूम हायव्यात, म्हणजे मोठ्या टिप्परात, भरून घेऊन जाणार. सपाटीकरणाला काकांची हरकत नाही आणि मोसंबीला तर मुळीच नाही. काळजी आहे ती त्या मुरमाची, आणि मुरमाबरोबर जे जाईल त्याची.

भोकरदन तालुक्यातील जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकाची लाखो वर्षे झीज होऊन तयार झालेली आहे आणि तिचे थर ओळखल्याशिवाय तिच्यावर यंत्र घालणे हा शुद्ध अविचार होय. सर्वांत वर काळी माती असते, जिच्यातील स्मेक्टाइट गटाची चिकणमाती ओल मिळताच फुगते आणि वाळताच आकसून भेगाळते. तिच्याखाली चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेला तपकिरी थर लागतो. त्याखाली मुरूम, म्हणजे अर्धवट कुजलेला खडक, जो हाताने चुरता येतो पण माती म्हणण्याइतका बारीक झालेला नसतो. आणि त्याच्या तळाशी अभेद्य कातळ. हे चारही थर घरच्या विहिरीच्या पूर्वेकडील उघड्या भिंतीत आजही दिसतात, आणि चिरंजीवाने तेथे उतरून वरच्या काळ्या थराची जाडी स्वतः टेपने मोजली असेल, अशी आशा आहे. मोसंबीचे सारे गणित या थरांच्या क्रमावर चालते. काळी माती ओल धरून ठेवते आणि खालचा मुरूम जादा पाणी खाली सोडून देतो. हा मुरूम उचलून नेला आणि उरलेली माती कातळावर पसरली, तर पावसाळ्यात पाण्याला खाली जायला वाट राहत नाही, ते मुळांशी तुंबते, आणि मग फायटोफ्थोरा या बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे होणारा डिंक्या रोग, ज्यात बुंध्याची साल फुटून डिंक ओघळू लागतो, बागेत शिरायला वेळ लागत नाही. तेव्हा ज्या बागेसाठी शेत सपाट करायचे, तिच्या मुळाखालचा निचराच मजुरी म्हणून देऊन टाकण्याचा हा व्यवहार आहे.

व्यवहार केवढ्याचा, हेही एकदा कागदावर मांडून पाहावे. माती-मुरूम मोजण्याचे एकक ब्रास, म्हणजे १०० घनफूट. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावरून केवळ एक फूट जाडीचा थर निघाला तरी तो ४३५ ब्रासहून अधिक भरतो, आणि एका हायव्यात पाच ब्रास धरले तर एका एकराच्या एका फुटासाठी ८७ खेपा होतात. पाच एकरांचा हिशेब चिरंजीवाने स्वतः करावा आणि मग ठेकेदाराच्या औदार्याचे मोल ठरवावे. शिवाय इतक्या भरलेल्या गाड्या ज्या वाटेने शेतातून फिरतील, त्या वाटेखालची माती अशी दबून बसेल की तेथे पुढे नांगराचा फाळही सुखाने उतरणार नाही.

कायद्याची बाजू याहून कडक आहे. मुरूम हे गौण खनिज आहे, म्हणजे ज्याच्या उत्खननाचे नियमन राज्य शासनाकडे असते अशा खनिजांपैकी एक. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८(७) नुसार विनापरवाना काढलेल्या गौण खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि उपकलम (८) नुसार यंत्रे व वाहने जप्त करता येतात. ठेकेदार दंड भरून किंवा न भरता दुसऱ्या गावी निघून जातो. पंचनाम्यात गट क्रमांक मात्र शेतकऱ्याचा असतो, आणि वसुलीचा बोजा सातबाऱ्यावर चढला की पीककर्जासाठी बँकेच्या दारात उभे राहणेही अवघड होते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचे काम जालना जिल्ह्यातून गेले, त्या काळात मुरमाला सोन्याचे दिवस आले आणि तोंडी बोलीवर शेते खणू देण्याची चटक अनेकांना लागली, हे चिरंजीवाने डोळ्यांनी पाहिले आहे. तरीही त्याच बोलीला मान डोलवावी, याचे काकांना खरोखर वाईट वाटले. घरात विचारायला माणसे नव्हती काय?

यंत्र वाईट नाही, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये १९४५ साली जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी सुरू केलेल्या आणि १९७९ पासून भारतात उत्पादन करणाऱ्या कंपनीची जेसीबी ही आद्याक्षरे आज मराठवाड्यातील लहान मूलही ओळखते. पुढे माती ढकलणारे व भरणारे मोठे बकेट आणि मागे खोदणारा हात असलेले हे साडेसात टनांच्या आसपासचे यंत्र, वेडी बाभूळ मुळासकट उपटणे, दगड गोळा करणे, चर काढणे या कामांत अनेक मजुरांचे काम एका दिवसात उरकते. पोकलेन साखळीवर चालते, ते ट्रॉलीवर लादून आणावे लागते आणि कठीण मुरूम खोदण्यासाठीच त्याचा उपयोग; सपाटीकरणाच्या अखेरच्या हातासाठी ते निरुपयोगी आहे. तो हात ट्रॅक्टरच्या केणीने, म्हणजे माती ओढत पसरवणाऱ्या रुंद पात्याने, किंवा लेझर लेव्हलर मिळाल्यास त्याने फिरवावा.

कामाचा क्रम मात्र चुकता कामा नये, आणि येथे पुन्हा त्या वरच्या काळ्या थराकडेच यावे लागते. प्रथम शेतात चार-पाच ठिकाणी कमरेएवढे खड्डे घेऊन काळी माती कोठे किती खोल आहे याची कागदावर नोंद करावी. नंतर पाण्याच्या पारदर्शक नळीने, दोन टोकांची पातळी पाहत, उतार काढावा. काळ्या जमिनीत शेत टेबलासारखे सपाट करणे हा दोष आहे, कारण पाणी जागच्या जागी साचते. शंभर मीटरला वीस ते चाळीस सेंटिमीटर इतका हलका उतार ठेवून त्याच्या शेवटी दगडी सांडवा, म्हणजे जादा पाण्याची बांधीव वाट, ठेवणे योग्य. त्यानंतर वरची काळी माती खरवडून एका बाजूला ढीग लावून ठेवावी, खालच्या थरातील उंच भाग कापून सखल भागात भरावा, आणि सर्वांत शेवटी तीच काळी माती सगळीकडे सारखी पसरावी. ऑपरेटरला हे आवडत नाही, कारण तीच माती दोनदा उचलावी लागते. तो म्हणेल की एकदाच ढकलून टाकू. चिरंजीवाने ते ऐकू नये. एकदाच ढकललेल्या शेतात काळी माती खड्ड्यांच्या तळाशी गाडली जाते, पिवळट मुरूम वर येतो, आणि त्या पट्ट्यांवर पुढची कित्येक वर्षे हरभराही धड उगवत नाही. ज्या भागात भराव खोल असेल तेथे माती एक पावसाळा बसू द्यावी आणि मगच कलमे लावावीत.

हे सर्व स्वखर्चाने, ताशी भाड्याने करून घ्यावे. दर डिझेलसह की डिझेलाशिवाय, यंत्राच्या येण्या-जाण्याचे पैसे कोणाकडे, किमान किती तास धरले जातील, हे आधी लिहून घ्यावे. यंत्रातील तासाच्या मीटरचा आकडा काम सुरू होताना व थांबताना वहीत उतरवून ऑपरेटरची सही घ्यावी. माती वाफशावर, म्हणजे भुरभुरीत होण्याइतपत ओलीवर, किंवा पूर्ण कोरडी असतानाच यंत्र उतरवावे. अवकाळी पाऊस झाल्यावर ओल्या काळ्या मातीवर ते चालवले तर माती दबून विटेसारखी घट्ट होते. मृगाआधी सगळे उरकायचे म्हणून घाई करण्याचे कारण नाही, एक हंगाम उशीर झाला तर चालेल. महावितरणच्या तारांखाली जेसीबीचा हात उचलू देऊ नये आणि गावातील पोरे तमाशा पाहायला यंत्रामागे जमतात त्यांना हाकलावे.

आता चिंचेच्या बांधाविषयी. तोही मोडून शेताला सरळ धार द्यायची, असे ऐकिवात आहे. चिंच हे महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतील झाड असल्याने परवानगीवाचून ते पाडता येत नाही, हा एक भाग. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. हा बांध चिरंजीवाच्या आजोबांनी १९७२ च्या दुष्काळानंतर, दुष्काळी कामांवर शिकलेल्या पद्धतीने, दगडावर दगड ठेवून घातला, आणि तो वाकडा आहे. त्या काळी काका शिक्षणासाठी शहरात होते, सुटीत येत, आणि एवढ्या कष्टाने घातलेला बांध सरळ का नाही, असे मनात येऊनही वडिलांना विचारीत नसत, कारण मातीच्या कामात विचारण्यासारखे काही असते, असे त्या वयात वाटत नव्हते. पुढे नोकरीत असताना जालना तालुक्यातील कडवंची येथे, जेथे १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती झाली आणि नंतर शेततळी व द्राक्षबागा उभ्या राहिल्या, तेथील शिवारात फिरताना उलगडा झाला की समपातळी रेषा, म्हणजे एकाच उंचीवरील बिंदू जोडणारी रेषा, जमिनीच्या वळणाप्रमाणे वाकडीच जाते आणि तिच्यावर घातलेला बांधच पाणी अडवतो. तोवर आजोबा राहिले नव्हते. त्यांनी ही रेषा नळीने काढली, की पावसात उभे राहून पाण्याची धाव पाहून, हे आता सांगणारे कोणी नाही. काकांना त्याची रुखरुख वाटते, आणि म्हणूनच तो बांध एका दुपारी बकेटखाली जाईल या कल्पनेने झोप येत नाही. बांध ठेवून सपाटीकरण होते. शेताचे दोन टप्पे करावेत, एवढेच.

चिरंजीवाला हे बोलणे टोचले असेल. त्याचा हेतू काकांना कळत नाही असे नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, तेव्हा टँकरने घातलेले पाणीही कमी पडून थोरल्या बंधूंनी घरच्या बागेवर स्वतःच्या हाताने कुऱ्हाड चालविली, आणि त्या दिवशी शाळेतून घरी आलेला चिरंजीव फांद्यांवरची अर्धी हिरवी फळे दप्तरात भरत होता, असे वहिनींनी त्या वेळच्या पत्रात कळविले होते. ती बाग परत उभी करण्याची इच्छा त्याच्या मनात असावी, याहून मोठे समाधान या घराला दुसरे नाही. पैशाची ओढाताण असल्यामुळेच ठेकेदाराची बोली गोड वाटली असणार, हेही उघड आहे. काकांची एक ठेव येत्या महिन्यात मोकळी होत असून यंत्राच्या भाड्यापुरती रक्कम तीतून सहज निघते. ती कर्ज समजू नये, आणि वडिलांना सांगायचे नसल्यास सांगूही नये. ठेकेदाराला नकार देण्याचा संकोच वाटत असल्यास काकांचे नाव पुढे करावे, म्हाताऱ्याने हट्ट धरला असे खुशाल म्हणावे.

खड्डे घेण्याच्या दिवशी काका येतील. नळी येथून आणतील, कारण घरची नळी फुटकी आहे असे आठवते. गुडघ्यांमुळे शेतात फार चालवणार नाही, पण एक टोक धरून बांधावर बसता येईल. यंत्र चालू असेल त्या दिवसांत ऑपरेटरबरोबर चिरंजीवानेही वेळेवर जेवून घ्यावे. कामाच्या भरात दिवसभर नुसत्या चहावर राहण्याची वडिलांची सवय त्याला लागली आहे, अशी वहिनींची तक्रार आहे. थोरल्या बंधूंना व वहिनींना नमस्कार, सूनबाईंना व नातीला आशीर्वाद. राजूरच्या गणपतीला चतुर्थीस जाणे झाल्यास काकूंच्या वतीने नारळ फोडावा, आणि उन्हात डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय शेतात उभे राहू नये.