वेंगुर्ला खडकांवरील वसंत

फाल्गुन-चैत्रात कोकणात पळस व पांगारा लाल फुलांनी बहरतात. त्याच सुमारास सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्यासमोरील समुद्रात असलेल्या वेंगुर्ला खडकांच्या अंधाऱ्या गुहांत पाकोळ्यांचा विणीचा हंगाम सुरू होतो. हा इवलासा पक्षी टिकटिक आवाज करून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंधारात वाट काढतो. स्वतःची लाळ, गवत व पिसे यांपासून तो कातळाला चिकटलेले वाटीसारखे घरटे बांधतो. त्यात मादी दोन अंडी घालते. पूर्व आशियात अशा घरट्यांचे सूप करतात. त्या लोभापायी येथील घरट्यांची चोरी झालेली आहे. फूल खुडले तरी झाड पुन्हा फुलते. घरटे ओरबाडले की अंडी-पिल्ले नष्ट होतात. म्हणून यात्रेकरूंनी या बेटांचे दर्शन दुरूनच घ्यावे, गुहांत शिरू नये.